आकोंगचं धुपाटणं

माझ्या सासऱ्यांनी देवाकडे आयुष्यभर एकच गोष्ट मागितली आणि देवाने ती वीसेक वर्षं दिली नाही. आमच्या मंडळाची आज दिसते ती सगळी इमारत त्या नकारावर उभी आहे, असं मी म्हटलं की आमची माणसं नाकं मुरडतात. मुरडू देत. मी त्या घरची सून आहे, मला ठाऊक आहे.

येओ चिन पोह त्यांचं नाव. पिनांगच्या जेटीजवळ सुक्या मासळीचं दुकान. बाजारात लोक तौके म्हणायचे, शेठ म्हणून. मी माझ्या मुलांसारखं आकोंग, म्हणजे आजोबाच म्हणायचे. चीनमधून उतरले तेव्हा त्यांना इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. सुरुवातीला पोत्यांवर झोपले. दुकान चालायला लागल्यावर त्यांनी गावाकडच्या वाड्या-वस्त्यांतली माणसं हुडकून हुडकून गोळा केली आणि मंडळ काढलं. मंडळ कसलं, एक भाड्याची खोली, तीत आमच्या देवाची, तुआ पेक कोंगची मूर्ती आणि मूर्तीपुढे पितळी धुपाटणं.

हे धुपाटणं दर वर्षी एका सभासदाच्या घरी राहायला जातं. कोणाच्या, ते देव ठरवतो. जत्रेच्या दिवशी एकेकाचं नाव पुकारून लाकडाच्या दोन फाकी जमिनीवर टाकतात. एक पालथी आणि एक उताणी पडली की होकार. ज्याला ओळीने सगळ्यात जास्त होकार, त्याच्या दारावर लाल कापड चढतं आणि वर्षभर देवाचा धूर त्याच्या घरात.

आकोंगना वाटलं होतं, मंडळ मी काढलं, पहिला कौल माझाच. पहिल्याच फेकीला दोन्ही फाकी पालथ्या. पुढच्या वर्षी दोन्ही उताण्या. तसं झालं की देव हसला म्हणतात.

"बघ तौके, तुला बघून देवालासुद्धा हसू आवरत नाही," हू-चेक सगळ्यांदेखत ओरडले. हे आमच्या कोपऱ्यावरचे कॉफीवाले, आकोंगचे जुने मित्र; चेक म्हणजे काका. त्यांना हळू बोलणं जमतच नसे.

दुसरा कोणी असता तर रुसून घरी बसला असता. आकोंगनी मात्र मनाशी धरलं की काहीतरी कमी पडलंय, म्हणून देव नाही म्हणतो. मग त्या वर्षी त्यांनी बोटीवरून उतरणाऱ्या नव्या पोरांसाठी माडी बांधून घेतली. पुन्हा नकार आला, तेव्हा विहीर खणली. मग शाळा. नकार आला की हा माणूस दुसऱ्या दिवशी गवंड्याच्या दारात. वर्गणीसाठी लोकांचं इतकं डोकं खायचे की समोरून येताना दिसले की दुकानदार आत पळायचे.

शेवटची खोलीही अशीच झाली. म्हातारा हमाल मरायला टेकला की खोलीमालक त्याला उचलून रस्त्यावर ठेवतात, घर बाटायला नको म्हणून. असा एक जण आकोंगच्या दुकानाच्या पायरीवर गेला. ते दोन दिवस जेवले नाहीत. मग मंडळाच्या मागच्या बाजूला त्यांनी ती खोली बांधली, ज्यांचं कोणी नाही त्यांना निदान छपराखाली मरता यावं म्हणून.

आणि मग एका वर्षी फाकी त्यांच्या नावाला होकारावर होकार देत सुटल्या. हू-चेकना दुसरा कौल मिळाला. आकोंगच्या घरी सुतकासारखी अडचण आलीच, तर धुपाटणं त्यांच्याकडे जायचं. छत्री धरून, झांजा वाजवत देव आमच्या घरी आला. आकोंगनी आपली खाट पुढच्या दालनात आणवली. सकाळी डोळे उघडले की आधी धूर बघायचे, मग माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसायचे.

वर्ष अर्धंही सरलं नव्हतं आणि त्यांचे पाय सुजले, धाप लागायला लागली. वैद्याने नाडी पाहिली आणि औषध न देता, नुसता चहा पिऊन गेला. आमच्या घराचं तोंडचं पाणी पळालं. ज्या छपराखाली धुपाटणं, तिथे मरण नको. झालंच, तर साऱ्या मंडळाचं वर्ष बाटतं. हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि सगळे मूग गिळून होते. माझा नवरा तर दुकानातून घरीच येईना.

हू-चेक आले, खाटेशी बसले आणि तासभर उंदरांबद्दल बोलले. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा माझा तोल गेला.

"चेक, उंदीर मारायला आलात की देव न्यायला?"

"हळू ग बाई! मला काय हौस आहे? मंडळवाले रोज माझा जीव खातायत. मी कुठल्या तोंडाने सांगू त्याला? इतकी वर्षं टिंगल मीच केली ना!"

"आ-किम," बाहेरून आकोंगची मला हाक आली, "त्या हूला बाहेर आण. माझे पाय सुजलेत, कान नाही."

आम्ही दोघं चोरासारखे बाहेर गेलो.

"धुपाटणं कुठे जाणार नाही," आकोंग म्हणाले.

"अरे पण तौके, नियम..."

"नियम मीच केलाय, मला शिकवू नकोस. एका छपराखाली दोघं नकोत, एवढंच ना? मग मी जातो. शेवटच्या खोलीत खाट रिकामी आहे?"

मी भडकलेच. "आकोंग, ती खोली ज्यांना कोणी नाही त्यांची! तुम्हाला मुलगा आहे, सून आहे. लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"सांग त्यांना, सासरा हट्टी होता. लगेच पटेल." मग धाप टाकत थांबले. "इतकी वर्षं बोलावत होतो, पोरी. आता आलाय. पाहुण्याला मीच कसा बाहेर काढू? आणि खोली काय वाईट आहे? खिडकीतून जेटी दिसते, मुद्दाम ठेवून घेतली होती."

दुसऱ्या दिवशी ते रिक्षातून गेले. जाण्याआधी धुपाटण्यातली राख बोटाने सारखी केली. तिथे शेजारच्या खाटेवरचा हमाल दचकून उठू लागला. "तौके, तुम्ही इथे?"

"जागा मिळाली," आकोंग म्हणाले आणि पडले.

दुपारी मी सोडे घातलेली पेज घेऊन जायची. दोन घास खायचे आणि एकच विचारायचे.

"धूर निघतोय?"

"निघतोय, आकोंग."

"रोज लावतेस ना? सकाळ-संध्याकाळ?"

"तुमच्यासारखी नाही मी, दुसऱ्याचं डोकं खाऊन करून घ्यायला. स्वतः लावते."

त्यावर हसायचे. हसलं की खोकला यायचा.

एके दिवशी उजाडता उजाडता हू-चेक दारात उभे. अंगात धुतलेला सदरा, हातात मंडळाची मोठी छत्री. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

"आ-किम, धुपाटणं न्यायला आलोय."

धुपाटण्यासमोर मरण बोलायचं नसतं, रडायचं तर नसतंच. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. मी हात धुतले, उदबत्त्या पेटवल्या आणि राखेत उभ्या केल्या. हू-चेक पाठ फिरवून उभे राहिले. निघतोय, आकोंग, मी मनात म्हटलं. मग धुपाटणं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिलं.

छत्री कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उंबऱ्यात नीट उभी होते. ती दिसेनाशी झाली तसं दारावरचं लाल कापड ओढून काढलं, तोंडात कोंबलं आणि रडले.