आधी काटा, मग प्रिंटर

माझे जावई एका वेळी एकच काम करतात. जेवताना त्यांना काही विचारलं, तर घास गिळून, पाणी पिऊन, हात धुऊन मग उत्तर देतात. तोवर विचारणारा दुसऱ्या खोलीत जाऊन आडवा झालेला असतो. संगणकाचे प्रोग्रामही ते असेच लिहीत. एका कामाला हाक मारायची, ते उरकून परत आलं की पुढच्याला. संथ, पण बिनचूक.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीचा प्रोग्राम त्यांचाच. कपडे टाकणारे आणि नेणारे एकाच रांगेत, त्यामुळे रांग दाराबाहेर जाई.

"साहेब, दोघांचं एकदम चालू द्या," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "सोमवारी दाखवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

जावयांच्या हातात तेव्हा तेवढंच काम होतं. त्यांनी प्रोग्रामचे दोन धागे केले, एकाच वेळी चालणारे. पहिल्याच चाचणीत दोन्ही ठप्प. टाकणाऱ्यांच्या धाग्यानं वजनकाटा धरलेला आणि तो चिठ्ठीसाठी प्रिंटरची वाट बघतोय. नेणाऱ्यांच्या धाग्यानं बिलासाठी प्रिंटर अडवलेला आणि धुतलेले कपडे तोलायला तो काट्यासाठी ताटकळतोय. सोडायला कुणीच तयार नाही.

सोमवारी सकाळी जावई शर्टाला इस्त्री करायला आले. इस्त्री त्यांच्या हातात, आणि टेबलावर माझ्या लेकीचा कुर्ता पसरलेला.

"इस्त्री दे."

"टेबल मोकळं कर."

"मी आधी आलेय."

"तापवली मी."

"मग फिरव आता हवेत."

चहा निवला, तरी दोघं जागची हलेनात. शेवटी मी म्हटलं, "आजपासून आधी टेबल, मग इस्त्री. टेबल नसेल त्यानं इस्त्रीला हातच लावायचा नाही."

जावई माझ्याकडे बघतच राहिले. "आई, दोघांनीही आधी काटाच धरायचा. मग प्रिंटर."

"कुठला काटा?" लेकीनं विचारलं. पण इस्त्री तिच्या हातात देऊन ते संगणकाकडे गेलेसुद्धा.

प्रोग्राम दुरुस्त करून ते निघाले, तेव्हा चादरी आणायच्या निमित्तानं मीही त्यांच्या मागोमाग लॉन्ड्रीत गेले. लॉन्ड्रीवाल्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, हा चुरगळलेला शर्ट घालून माझ्या दुकानात उभे राहू नका, गिऱ्हाईक परत जाईल. काढा. पहिला तोच टाकू काट्यावर."

एकीकडे शर्ट, दुसरीकडे माझ्या चादरी. शर्ट तोलून काटा मोकळा झाला आणि चादरी वर चढल्या. तेवढ्यात शर्टाची चिठ्ठी छापून झाली, पाठोपाठ माझं बिलही. मागची रांगही अशीच भराभर सरकली, कुठेही अडली नाही.

"काम तुमचंच," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "पलीकडच्या दुकानाचंही बघा."

"आणि माझा शर्ट?"

"रांगेत आहे, साहेब. उद्या संध्याकाळी या."

माझी धुतलेली चादर पांघरून जावई घरी आले. लेकीनं दार उघडलं.

"हा काय अवतार?"

ते आत आले, चादरीची घडी घातली, पाणी प्यायले. मग म्हणाले, "काम टिकलं. आणखी एक मिळालं. शर्ट उद्या."