वापस म्हणजे कुठं?

सुजाता मॅडम गेल्याची बातमी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा मी परिपाठाच्या रांगा लावत होतो. छातीत जळजळ होते म्हणून रजा टाकून त्या भंडाऱ्याला दाखवायला निघाल्या होत्या, आणि डॉक्टरकडे पोचायच्या आधीच... पाच मिनिटांत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. चौदा वर्षं आम्ही एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे शिकवलं. त्यांच्याकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. शेवटी काहीच टाकलं नाही. लोकांना वाटलं, गुरुजींना शब्द सुचत नाहीत. तेव्हा शिवारात धानाचे रोवणे चालू होते. आता धान निसवायला, लोंब्या धरायला लागलंय, तरी शनिवारी दुपारी आमच्या अंगणाचं फाटक वाजलं की मी उठून दाराशी जातो.

शनिवारचं असं होतं. शाळा सुटली की मॅडम रोज अर्धा तास रिकाम्या वर्गात, मुलांच्याच चटईवर, डोळे मिटून बसायच्या. सुरुवातीला मला वाटलं विपश्यना असेल. विचारलं तर म्हणाल्या, “नाई सर, आजच्या दिवसात कोणाले दुखवलं का, ते पायतो.” आठवड्याभरात असं कोणी सापडलं, की शनिवारी सकाळची शाळा आटोपून त्या त्याच्या घरी जायच्या, उंबऱ्याबाहेर उभं राहून चूक सांगायच्या, माफी मागायच्या. चहा घ्यायचा तर त्यानंतर. ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात लोकांची पंचाईत व्हायची. सरपंचांना एकदा त्या सांगून आल्या, की तुम्ही भाषण करत होता तेव्हा मी मनात तुम्हाला मूर्ख म्हटलं, माफ करा. सरपंच दोन दिवस विचारात! आम्ही शिक्षक चेष्टेनं विचारायचो, “मॅडम, आज तुमची साडेसाती कोणाच्या घरी?” त्याही हसायच्या. पण खडू चोरल्याचा खोटा आळ घेतला म्हणून दुसरीतल्या एका पोरीसमोर त्या परिपाठात हात जोडून उभ्या राहिल्या, त्या दिवशी आमच्यापैकी कोणी हसलं नाही. त्या पोरीनं मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरातला देव्हारा गाठोड्यात बांधून तलावात सोडला, त्या दिवसापासून घरात कोणी खाली मान घालून बोललं नाही, हे मॅडम अभिमानानं सांगायच्या. लहानपणापासून त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं. त्या काळात कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपलं तोंड म्हणतंय आणि मन भलतीकडेच आहे. तेव्हापासून मनापासून निघेल तेवढंच म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं. पौर्णिमेला विहारात जायच्या, उरुसाला दर्ग्याच्या भिंतीशी बसायच्या, कोणाकडे भजन असलं तर मागच्या रांगेत. सगळीकडे गप्प. “मन नाई जुळलं त हात कायले जोडू?” म्हणायच्या. यामुळे त्या कोणाच्याच झाल्या नाहीत. विहारातल्या बायका म्हणत, ही तिकडं जाते. तिकडचे म्हणत, ही नमस्कार करत नाही. मी एकदा चिडवलं, “मॅडम, तुमचा धर्म तरी नेमका कोणता?” त्या म्हणाल्या, “शोधून राहिली. सापडला का सांगतो.” मग म्हणाल्या, “बाबानं आमाले बाहेर काढलं सर. ते मी जन्मात फेडू नाई शकत. पण त्याईनं मले डोकं चालवाले शिकवलं, त्याईच्या मांगं मांगं चालाले नाई.” वडिलांविषयी इतक्या आदरानं इतकं धीट बोललेलं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता माझं सांगतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सखूबाईची लेक सासरी बाळंतपणात गेली. सखूबाई मॅडमला म्हणाली, “मले देवीसंग भांडाचं हाय. एकटीनं जावत नाई, तुमी चाला.” तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, देवीचं देऊळ आहे. मॅडम तिच्यासोबत गेल्या, म्हातारी देवीला शिव्या घालत रडली, मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. निघताना म्हातारीनं सवयीनं स्वतःला कुंकू लावलं आणि त्याच बोटानं मॅडमच्या कपाळालाही. म्हातारीच्या हातचं कसं पुसायचं म्हणून मॅडमनी ते तसंच ठेवलं. हे सगळं मला सखूबाईनं नंतर सांगितलं. मी पाळीवरून मोटरसायकलनं जात होतो. मला दिसलं ते एवढंच की मॅडम देवळातून बाहेर येताहेत आणि कपाळावर कुंकू आहे. संध्याकाळी अड्याळला टपरीवर चार ओळखीचे भेटले. मी चहाचा घोट घेऊन म्हणालो, “आमच्या मॅडम वापस आल्या बरं का!” कोणीतरी विचारलं, “कुठं?” मी म्हणालो, “कुठं म्हंजे? आपल्याकडं!” सगळे हसले. मीही हसलो. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खरं नाही. वाईट होतं, फक्त ते मला वाईट वाटत नव्हतं. आमचं शेतकऱ्याचं जुनं हिंदू घर. बाकीचे सगळे आमच्याकडून निघून गेलेले आणि कधीतरी वापस येणारे, ही समजूत आमच्या रक्तात इतकी मुरलेली, की ती समजूत आहे हेही कळत नाही.

तो शब्द दोन दिवसांत कोंढ्याला पोचला. वाटेत त्यातलं हसू गळून गेलं होतं. तिथं मॅडमचे थोरले भाऊ यशवंतभाऊ राहतात, वडिलांच्या पश्चात तेच घरातले वडीलधारे. बापानं तलावात सोडलेलं बहिणीनं वापस आणलं, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी मॅडमशी बोलणं टाकलं. मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. मॅडम एका दुपारी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. “सर, अड्याळले माझ्याबद्दल काई बोलले का तुमी?”

“मी? मी कायले बोलू, मॅडम?”

“पाळीवर त्या दिवशी तुमीच होते.”

“पाळीवरून मी एकटाच जातो का? उगीच शक घेऊन राहिल्या तुमी!” माझा आवाज चढला. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, बायको सांगते. मॅडम म्हणाल्या, “वापस म्हणजे कुठं, सर? मी गेलीच कवा होती?” मी हजेरीपटात तोंड घातलं.

त्यानंतर तिसऱ्या शनिवारी फाटक वाजलं. मॅडम उंबऱ्याबाहेर उभ्या. बायको आतून म्हणाली, “अहो, या ना, बसा.” त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, मी तुमच्यावर शक घेतला. तुमी नाई म्हटलं, तरी मनात धरून होती. माणसानं नाई म्हटलं का ते खरं मानावं लागते, नाईतर आपण बोलतो कायले एकमेकांसंग? चुकलं माझं. माफ करा.” त्या क्षणी मी सांगू शकत होतो. दोन पावलांचं अंतर होतं. मी म्हणालो, “अहो मॅडम, काय हे! मी तर केव्हाच विसरलो.” मग त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, पोहे खाल्ले, चहा घेतला. त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला दिसत होता. त्या गेल्यावर बायको म्हणाली, “तुमचं मन मोठं आहे हो.” 

पुढची चार वर्षं त्या माझ्याशी आधीपेक्षाही मायेनं वागल्या, ही माझी शिक्षा होती. डब्यातली वांग्याची भाजी आधी माझ्या पुढ्यात यायची. शनिवार आला की मी स्वतःशी म्हणायचो, आज सांगू. मग वाटायचं, परीक्षा होऊ दे, सुट्या होऊ दे, त्या निवृत्त होऊ दे... शाळेतल्या शोकसभेत मला बोलायला लावलं. मी म्हणालो, मॅडमच्या मनात कोणाविषयी किंतू नव्हता. बायका डोळे पुसत होत्या. मला मात्र वर्गाच्या दारात कोणीतरी नुसतं ऐकत उभं आहे असं वाटत राहिलं, आणि मी भाषण मध्येच आवरून खाली बसलो. आता शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वर्गाला कुलूप लावायला जातो तेव्हा चटई गुंडाळलेली असते. तरी आत पाय टाकायची माझी हिंमत होत नाही. हात लांब करून दार ओढून घेतो.

शब्द चारचौघांत टाकला होता, म्हणून कबुलीही चारचौघांत द्यायची असं ठरवून मी हा लेख लिहायला घेतला. पण त्याआधी कोंढ्याला जाणं भाग होतं. गेल्या शनिवारी गेलो. यशवंतभाऊ पडवीत विळ्याला धार लावत होते. अंत्ययात्रेत ते सगळ्यांच्या मागे, कोरड्या डोळ्यांनी उभे होते. तेव्हा मी त्यांची नजर चुकवली होती. आता उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टपरी, तो शब्द, सखूबाईचं भांडण, कुंकू, स्टाफरूम. तुमची बहीण कुठंही वापस गेली नव्हती, भाऊ. मी खोटारडा आहे. माफ करा.

त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ती आली होती एकदा. तुमी उभे हाय ना, तिथंच उभी रायली. मले वाटलं, सफाई द्यायले आली. मी देवीच्या नादी नाई लागली, असं सांगन. तिनं सांगतलं असतं त मी मानलं असतं, गुरुजी. मी त्याच एका गोष्टीची वाट पाहून राहिलो होतो.”

“मग?”

“तिनं सोताचं काईच नाई सांगतलं. म्हणे, दादा, तू आमच्या गुरुजीवर राग धरू नको. मी बी शक घेतला होता, पण ते त्याईनं नाई केलं. चांगला माणूस हाय तो.” त्यांनी विळा खाली ठेवला. “मी अंदर चालला गेलो, दरवाजा लावून घेतला. त्याच्यानंतर आमचं बोलणं नाई. जिंदगीत कवा खोटं नाई बोलली ती. अन् मले शेवटची एक गोष्ट सांगून गेली, तेवढी खोटी.”

माझ्या पायाखालची शेणानं सारवलेली ती हातभर जागा सोडून बाजूला व्हावं असं मला वाटलं, पण मी तिथंच उभा राहिलो. यशवंतभाऊ उठून आत गेले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.