माईंचं अंदमान

माझ्या सासूबाई, माई, कोणाच्याही घरी गेल्या तरी सोफ्यावर बसायच्या नाहीत. यजमानीण "अहो, पंख्याखाली बसा ना" म्हणून कितीही आग्रह करो, माईंची नजर प्लास्टिकची खुर्ची शोधायची आणि त्या ती दाराजवळ ओढून घ्यायच्या. "मी आपली इथेच बरी." चहा अर्धा कप. पाणी नको. सरबत तर नकोच, कारण आज उपास. माझ्या लग्नानंतर माहेरच्या मंडळींनी पहिल्याच भेटीत निकाल दिला होता, "तुझ्या सासूबाईंना ताठा फार आहे हं." मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

आणि ताठा त्यांना शोभायचाही. उंच बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, अंगाला डेटॉलचा मंद वास. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या तरी तो टेलिफोनचा बोर्ड त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. घरात दोघं एकदम बोलायला लागले की म्हणायच्या, "एका वेळी एकच कॉल." नको असलेल्या विषयावर कोणी खोदून विचारलं की "लाइन बिझी आहे" म्हणून वर्तमानपत्र उघडायच्या. पण माझी नोकरी सुटली त्या दिवसांत मी संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते, तेव्हा भाजी चिरता चिरता त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बोल, ऐकतेय." मी बोलत राहिले आणि त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

त्यांचं एक मात्र मला खटकायचं. घरात वॉशिंग मशीन असूनही त्या स्वतःचे कपडे पहाटे उठून वेगळे धुवायच्या आणि आतल्या बाल्कनीत, चादरीच्या आड वाळत घालायच्या. मला वाटायचं सोवळं. आमच्या कपड्यांत त्यांचे कपडे मिसळलेले चालत नाहीत, असं मी मैत्रिणींना हसत हसत सांगायचे.

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंचाहत्तरी आली तेव्हा निखिलने, माझ्या नवऱ्याने, जाहीर केलं की हॉल घेऊन पंगती उठवायच्या नाहीत, सगळ्यांनी अंदमानला जायचं. आमच्या मानपाड्याच्या घरात मग रविवारचा कार्यक्रमच ठरून गेला. नाश्ता झाला की टेबलावर लॅपटॉप, भोवती आम्ही सगळे. माझी लेक इरा तेव्हा तिसरीत होती. तिला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायचं होतं. बाबांना समुद्रकाठी खुर्ची टाकून नुसतं बसायचं होतं. निखिलला या बेटावरून त्या बेटावर जायचं होतं, आणि त्याने बोटींची वेळापत्रकं धुंडाळली होती.

माई दाराजवळच्या आपल्या खुर्चीतून प्रश्न विचारायच्या.

"विमान मधे उतरतं का कुठे?"

"चेन्नईला. का?"

"सहज. आणि ती बोट? तिच्यात सोय असते ना?"

"असते गं माई. मोठी बोट आहे."

"आणि ती काचेची?"

"ती छोटी असते. अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात काय होतंय?"

पुढच्या रविवारी माईंना विमानात कान दुखण्याची भीती वाटू लागली. त्याच्या पुढच्या रविवारी कळव्याच्या त्यांच्या भावाची तब्येत आठवली. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही जा. घर उघडं टाकून सगळ्यांनी कसं जायचं? मी थांबते."

निखिलने लॅपटॉप मिटला. "तुला कुठेच यायचं नसतं माई. ताईच्या लग्नात पाठवणीच्या आधी तू घरी निघून आलीस. माझ्या पदवीदान समारंभाला आली नाहीस. निदान बाबांच्या पंचाहत्तरीला तरी? तुला आमच्यात कधी राहावंसंच वाटत नाही का?"

माईंनी वर्तमानपत्र उघडलं. लाइन बिझी आहे, असंही त्या म्हणाल्या नाहीत. मी बाबांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. पण ते बशीतल्या पोह्यांमधले शेंगदाणे बाजूला काढत राहिले, आणि मग म्हणाले, "तिला नको असेल तर राहू दे. आपण जाऊ." चार तिकिटं काढली गेली.

जायच्या आधी मी आणि इरा ठाण्याला जाऊन खरेदी करून आलो. पाण्यात घालायचा चष्मा, श्वास घ्यायची नळी, बदकाच्या पायांसारखे रबरी बूट. घरी आल्या आल्या इराने ते सगळं अंगावर चढवलं आणि फताक फताक करत हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागली. नळीतून बोलायचा प्रयत्न करत होती आणि त्यातून भलतेच आवाज येत होते. बाबांना ठसका लागला. निखिल हसून लोळायचा बाकी होता. माईंनी आधी तोंडावर पदर धरला. मग त्यांना आवरेना. त्या मोकळ्या हसल्या, खळखळून. मी त्यांना तशा हसताना पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं. म्हणून त्यांचं हसू एकाएकी थांबलेलं मला सगळ्यात आधी दिसलं.

खुर्चीखालच्या पांढऱ्या लादीवर पाणी पसरत होतं.

"आजी, तू शू केलीस?" इराने नळी काढून विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. पण घर लहान, आणि प्रश्न मोठ्याने विचारलेला. निखिलने खिशातून फोन काढला आणि त्यात बघत बसला. बाबा उठून बाल्कनीत गेले. मी फडकं आणायला धावले, तर माईंनी ते माझ्या हातातून घेतलं. "मी पुसते." मी "राहू द्या हो" म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अशी मान वर करून पाहिलं की मी मागे सरले. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सगळी लादी पुसून काढली, कोरडी होईपर्यंत. ओली साडी तशीच अंगावर. आम्ही तिघं त्यांच्याकडे न बघता तिथेच होतो. त्या खोलीत शरम वाटायचं सगळ्यात कमी कारण कोणाला असेल तर त्यांना, आणि खाली मान घालून बसल्या होत्या त्याच.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेले. साडी बदलून त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"माई, कधीपासून?"

"निखिल झाला तेव्हापासून. अडलेलं बाळंतपण होतं. मग लगेच कामावर. बोर्ड सोडून उठता यायचं नाही. शिंक आली तरी साडी भिजायची. तिथे एक जाडा रुमाल ठेवायची मी, खुर्चीवर. आईला एकदा सांगितलं, तर म्हणाली, बायकांना असतंच, गाजावाजा करू नकोस."

"आणि बाबांना?"

माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांना माहीत आहे की. पहिल्यापासून. मी म्हटलं होतं डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, असलं काय सांगणार परक्या माणसाला? मग मीही विषय काढला नाही."

म्हणजे त्या रविवारी, शेंगदाणे बाजूला काढताना, बाबांना सगळं ठाऊक होतं. आमच्या लेखी माईंचा ताठा, माईंचं सोवळं, माईंचे नसलेले उपास, आणि त्या माणसाला खरं कारण माहीत असून त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी तावातावाने बाहेर आले. बाबा बाल्कनीतच उभे होते. माईंच्या कपड्यांच्या आड लावलेली ती चादर हातात धरून. मला काही बोलावंच लागलं नाही. ते म्हणाले, "मीनल, तिकिटं रद्द कर. पंचाहत्तरी झाली तर झाली. ती येईल तेव्हा जाऊ." आणि मग, माझ्याकडे न बघता, "डॉक्टर बघ कोणी. बाई असली तर बरं."

डोंबिवलीतल्या एका बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. गर्दी होती. बहुतेक पोटुशी मुली, सोबत त्यांच्या आया. बाबा एकटेच पुरुष, भिंतीवरच्या बाळांच्या चित्रांकडे टक लावून बसलेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास आहे, आजी?" मी पुढे वाकून हळूच सांगणार होते, पण माईंनी माझा दंड धरून मला बाजूला केलं.

"लघवी धरवत नाही," त्या म्हणाल्या. तोच बोर्डावरचा आवाज, खणखणीत, प्रत्येक अक्षर वेगळं. "हसलं, खोकलं की होते. लिहून घ्या."

दोन-तीन मुलींनी वळून पाहिलं. माझे कान तापले. मी माझ्या चपलांकडे बघत होते. माझ्या सासूने खरं ते सांगितलं आणि लाज मला वाटली, याची मला आजही लाज वाटते. आम्ही जागेवर येऊन बसलो. शेजारी आपल्या सुनेबरोबर आलेली एक बाई होती, माईंच्याच वयाची. ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग सुनेची पाठ वळल्यावर माईंकडे सरकली. "बाई, यावर इथे औषध मिळतं?"

"आधी मला बघू दे," माई म्हणाल्या. "मिळालं तर सांगते. तुमचा नंबर द्या."

औषध नव्हे, आधी व्यायाम मिळाले आणि मग एक छोटं ऑपरेशन झालं. पूर्ण बरं झालं असं नाही, पण माई सिनेमाला आल्या, इराच्या शाळेत तिचं नाटक बघायला पहिल्या रांगेत बसल्या. त्या बाईला फोन तर केलाच, तिला सोबत घेऊन दवाखान्यातही गेल्या. निखिलने त्यांची माफी मागितली, घाईघाईने, दारात बूट घालताना. माईंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पाचही जण अंदमानला गेलो. माई जाऊन आता दोन वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की मला ती तिथली संध्याकाळच दिसते. ओहोटी लागली होती. इरा आणि निखिल पुढे शिंपले गोळा करत होते. मी वाळूत बसले होते, आणि माई-बाबा माझ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या कडेला उभे होते. बाबांनी दोघांच्याही चपला हातात घेतल्या होत्या.

"तेव्हाच न्यायला हवं होतं मी तुला," बाबा म्हणाले.

"इथे?"

"डॉक्टरकडे."

मला वाटलं, माई म्हणतील, जाऊ द्या हो आता. त्यांच्या पिढीतली कुठलीही बाई तसंच म्हणाली असती. बाबाही बहुतेक त्याचीच वाट बघत होते.

"हो," माई म्हणाल्या. "न्यायला हवं होतं."

आणि साडी जराही वर न उचलता त्या पाण्यात चालत गेल्या, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. बाबा चपला घेऊन काठावरच उभे राहिले.