शिट्टीसरांची वासाची परीक्षा

त्या उन्हाळ्यात शिट्टीसरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. तोंडावर मास्क चढवल्यावर शिट्टी फुंकायची कुठून? एकदा मास्कच्या आतून वाजवायचा प्रयोग त्यांनी घरी करून पाहिला, तेव्हा त्यांची बायको, म्हणजे बाईसाहेब, स्वयंपाकघरात गॅस बंद करायला धावल्या, त्यांना वाटलं कुकर झाला. मग सरांनी जुन्या सायकलचा रबरी भोंगा शोधून काढला. उभा जन्म मुलांना कवायत शिकवून निवृत्त झालेला हा करडा माणूस मैदानावर पोंपों करत हिंडू लागला. नाव मात्र शिट्टीसर ते शिट्टीसरच राहिलं.

मुळात शिबिराचं खूळ डोक्यात आलं ते गॅलरीत उभं राहून. साथ आली तेव्हा समोरच्या इमारतीतली मुलं खिडक्यांतून एकमेकांना हाका मारायची, भांडायची. हळूहळू तीही गप्प झाली. ज्या माणसाने सगळी हयात ‘आवाज बंद’ म्हणण्यात घालवली, त्यालाच ती शांतता सोसेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत निर्बंध थोडे सैल झाले, तसे ते आपल्या जुन्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात जाऊन बसले. सकाळी यायचं, खेळायचं, दुपारी घरी, एवढंच शिबिर. बाईंनी आढेवेढे घेतले, पालकांची भीती घातली, आणि शेवटी मैदान दिलं ते एका अटीवर. जबाबदारी सरांची. काही कमीजास्त झालं तर फाटकाला कुलूप लागेल आणि मग कोणी रदबदली करायची नाही.

सरांनी मग नियमांचा असा काही सपाटा लावला की मुलांना शाळा बरी वाटावी. मुलांच्या दोन टोळ्या. एकीचं फाटक पुढचं, दुसरीचं मागचं. चेंडू वेगळे, दोऱ्या वेगळ्या, पाण्याची बाटली ज्याची त्याची. एका टोळीचा चेंडू दुसरीकडे गेला तर तो त्या दिवसापुरता मेला, आणायला जायचं नाही. टोळ्या सांभाळायला दोन सख्ख्या बहिणी होत्या, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. बहिणी असल्या तरी मैदानात एकमेकींच्या हद्दीत पाय ठेवायची त्यांना बंदी. थोरली एकदा धाकटीकडे डोक्याची पिन मागायला गेली, तर अर्ध्या वाटेत भोंगा वाजला.

अंगाला हात लागेल असा खेळ नाही. म्हणून सरांनी सावलीची पकडापकडी काढली. ज्याच्या सावलीवर पाय पडला तो बाद. सकाळी सावल्या लांबलचक, तेव्हा उंच पोरं पटापट बाद व्हायची आणि बुटकी खूश. ऊन चढलं की सावल्या पायाशी गोळा व्हायच्या आणि खेळ आपोआप संपायचा.

सर स्वतः कुठल्याच टोळीत नव्हते. फाटकाच्या आत चुन्याची एक रेघ ओढून ते तिच्यापलीकडे उभे राहायचे. पूर्वी पोरगं शर्यत जिंकलं की सरांची थाप पाठीवर अशी बसायची की बक्षीस नको पण थाप आवर, असं व्हायचं. आता ते लांबूनच हवेत थाप मारायचे. मुलं हसायची, आणि सर वळून उगाच भोंगा पुसत बसायचे.

फाटकावर ताप मोजायचं एक यंत्र होतं. ते कपाळाशी धरलं की निम्मी मुलं बर्फाची निघायची. त्याच्यावर विसंबायला सरांचा जीव धजेना. साथ लागली की आधी वास जातो, म्हणून त्यांनी वासाची परीक्षा काढली. टेबलावर कागदी पेले, प्रत्येकाला आपला एक, वर कागद लावून भोकं पाडलेली. मुलाने आपला पेला उचलायचा, बाजूला जाऊन मास्क खाली करून हुंगायचं, आत काय ते सांगायचं, पेला टाकून द्यायचा. कधी कॉफी, कधी संत्र्याचं साल, कधी अंगाचा साबण. एकदा बुटाचं पॉलिश होतं, तेव्हा एकाने ‘बाबा’ असं उत्तर दिलं आणि ते बरोबर धरलं गेलं. वास आला नाही तर घरी जायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही. एका मुलीचं नाक नुसत्या सर्दीने चोंदलं होतं, तरी सरांनी तिला परत पाठवलं. ती रिक्षात बसेपर्यंत रडत होती, आणि सर त्या दिवशी घरी धड जेवले नाहीत.

तेव्हापासून मुलांनी हट्ट धरला की सरांचीही परीक्षा झाली पाहिजे. पेले सरच भरतात, त्यांना उत्तर माहीतच असतं, हा कुठला न्याय? सरांना ते पटलं. पेले भरायचं काम बाईसाहेबांकडे गेलं आणि रोज फाटक उघडल्यावर सर्वांत आधी, सगळ्यांच्या देखत, सर हुंगू लागले. उत्तर बरोबर आलं की रांगेतून टाळ्या.

एका सकाळी त्यांनी पेला नाकाशी धरला तर आत काहीच नाही. त्यांना वाटलं, बायको पेले भरायलाच विसरली. मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावून झाले. तेवढ्यात रांगेतून एक कार्टं म्हणालं, “सर, आज फारच सोप्पं आहे. लसूण. इथपर्यंत वास मारतोय.”

सरांनी वरचा कागद फाडला. आत ठेचलेला लसूण होता, चांगला दोन-तीन पाकळ्यांचा.

मुलं टाळ्यांच्या तयारीत उभी होती. उत्तर तर आयतं मिळालं होतं. लसूण म्हणायचं, भोंगा वाजवायचा, दिवस सुरू. अंगात ताप नाही, खोकला नाही. आणि नाही म्हटलं तर कुलूप. ही पोरं परत खिडकीत जातील आणि गप्प होतील, हे सरांना तिथे उभ्याउभ्या दिसलं. त्यांनी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. मग पेला खाली ठेवला आणि ते रेघेपासून आणखी मागे सरकले.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “मी घरी चाललो. पेल्यांना कोणी हात लावू नका. तुम्हीही घरी जा, तुमच्या टोळीची ताई कळवेल.”

ज्याने लसूण सांगितला तो रडवेला होऊन म्हणाला, “सर, मी सांगितलं ना, लसूण आहे. तुम्ही तेच म्हणा ना.”

सर मागच्या मागे निघून गेले, कारण तिथे थांबलो तर आपण ते म्हणू, अशी त्यांना धास्ती वाटली.

तपासणीत साथ निघाली. सर आतल्या खोलीत, बाईसाहेब बाहेर, जेवणाचं ताट उंबऱ्यावर. त्या तशाही अवस्थेत म्हणाल्या, “एवढा लसूण ठेचला आणि तुम्हाला वास नाही! मला वाटलं, घरभर वास सुटला तरी नाराज आहात म्हणून काही बोलत नाही.”

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला तो कुलपाची भाषा करतच. सरांनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं की त्यांनी एकाही मुलाला हात लावलेला नाही, एकाही टोळीत ते उभे राहिलेले नाहीत, दोघी पोरींशी बोलणं झालं ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून. बाई म्हणाल्या, “सर, मैदान मी तुमच्या शब्दावर दिलं होतं. तुम्हीच नसाल तर?”

“शब्द तोच आहे बाई. फक्त घरून देतोय,” सर म्हणाले. “त्या दोघींची तपासणी होऊ दे. मुलांनाही थोडे दिवस घरी राहू दे. सगळं ठीक निघालं तर पोरींच्या हातात द्या. मी त्यांना वर्षभर उन्हात उभं करून शिकवलंय, नको तेवढं.”

बाईंनी विचारलं, पेले कोण भरणार? तेव्हाच सरांना कळलं की कुलूप टळलं.

दोघी बहिणी ठणठणीत निघाल्या, मुलंही. शिबिर पुन्हा उघडलं त्या सकाळी सरांच्या फोनला उसंत नव्हती. थोरली विचारायची, ढग आलेत आणि सावल्याच नाहीत, आता काय खेळवू? धाकटी तक्रार करायची की थोरली तिच्या हद्दीत आली. सर खोलीतून हुकूम सोडायचे आणि मध्येमध्ये खोकायचे. दुसऱ्या दिवशी फोन कमी आले. पुढे एक सकाळ अशी उगवली की ऊन वर चढलं तरी फोन वाजला नाही.

सरांनी तो उचलून पाहिला. आवाज चालू होता. चार्जिंगही होतं.

बाहेरून बाईसाहेब म्हणाल्या, “एवढी घालमेल चाललीय तर तुम्हीच करा की.”

“छे, कशाला,” सर म्हणाले. “पोरी कामात असतील.” त्यांनी फोन उशीशी पालथा ठेवला आणि कोणी बघत नाही तरी चेहरा रागावल्यासारखा करायचा बराच प्रयत्न केला.