कुसुमताईंचा होकार

निर्मात्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "ताई, सिनेमात तुमच्या भूमिकेला दुसऱ्या बाईंचा आवाज दिला तर चालेल ना?"

"हो," कुसुमताई म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

"झालं!" निर्माते उठले.

"थांबा," मी म्हटलं.

मी स्पीच थेरपिस्ट. क्लिनिक आकुर्डीत, पण कुसुमताईंसाठी चऱ्होलीला त्यांच्या घरी जायचे. कामगार नाट्यस्पर्धेतून सिनेमात आलेली ही बाई. रूप साधं, पण आवाज असा की नुसत्या हाकेवर थिएटर गप्प व्हायचं. पुढे मोठमोठे पुरस्कार मिळाले. शेवटच्या सिनेमाचं शूटिंग झालं, डबिंग राहिलं आणि स्ट्रोक आला. त्यातून अफेझिया. म्हणजे माणूस शहाणाच असतो, आपली माणसं ओळखतो, पण भाषा हातातून सुटते. समोरचा काय बोलतोय ते नीट कळत नाही, हवा तो शब्द सापडत नाही.

मी विचारलं, "ताई, तुम्ही पुरुष आहात का?"

"हो."

"आपण आत्ता विमानात बसलोय का?"

"हो."

निर्मात्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, रिलीज ठरलंय. किती थांबायचं?"

"सांगता येत नाही. पण समज थोडी थोडी परत येतेय."

ते ताईंच्या धाकट्या भावाकडे वळले. ताईंचं सगळं बबनरावच बघायचे. "दादा, तुम्हीच सांगा आता."

"त्या बऱ्या झाल्यावर विचारतील तुम्हाला," मी बबनरावांना म्हटलं.

"बरी व्हईल का ती, मॅडम? खरं सांगा."

मला खात्री देता आली नाही.

"लोकांनी तिला इसरू नये, एवढंच हाय माझं," बबनराव म्हणाले. "काढा पिच्चर."

सिनेमा गाजला. एका पेपरात आलं, कुसुमताईंचा आवाज इतका हळवा पूर्वी कधीच लागला नव्हता.

मी जातच राहिले. चित्रं दाखवायची, नावं घ्यायची, परत तेच. थंडी सुरू होईतो ताई चहा की पाणी हे बोटाने दाखवू लागल्या. पुरुष आहात का, विचारलं की हसायच्या.

एका दुपारी बबनरावांनी हौसेने तो सिनेमा टीव्हीवर लावला. पडद्यावर ताईंचा चेहरा आला, ओठ हलले आणि परका आवाज आला. ताईंनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात गळ्याशी गेला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"अगं आक्का, तूच हाय की ती!"

"नाही. नाही."

बबनरावांनी टीव्ही बंद केला आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते.

स्ट्रोकनंतर ताईंनी समजून उच्चारलेला तो पहिला शब्द. आमच्या भाषेत ही प्रगती. पण त्यानंतर मी चित्रं पुढे केली की त्या ती बाजूला सारायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. शेवटी बबनरावच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, मॅडम." मी जाणं थांबवलं.

आता मी नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगते: पेशंटला 'नाही' म्हणता येईपर्यंत त्याचा 'हो' खरा धरू नका. सगळे माना डोलावतात. ऐकतात थोडेच.