बोंबलांच्या रांगेत टांगलेला वाळवंटी कोल्हा

सातपाटीच्या वलांडीवर बोंबलांच्या मधोमध आमचा वाळवंटी कोल्हा लटकत होता. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायला बांधलेली बांबूंची मांडणी. कोल्हा पोस्टरवरचा. ते पोस्टर तिथे वलांडीवाल्या कमळाबाईंनी टांगलं होतं, कारण मी सेशनसाठी घेतलेल्या हॉलमध्ये एकही बाई फिरकली नव्हती. कडक ऊन पडलेलं असताना सातपाटीच्या बायका हॉलमध्ये बसत नाहीत, मासळी सुकवतात. मी शेजारच्या केळव्याची असून मला हे सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

मी निसर्गशिक्षणाचं काम करते. गावोगावी सेशन घ्यायची, पत्रकं वाटायची आणि शेवटी प्लेज फॉर्म भरून घ्यायचे. प्लेज फॉर्म म्हणजे ‘मी अमुक करणार नाही’ असं सहीनिशी दिलेलं वचन. आमच्या हेड ऑफिसने सगळ्या जिल्ह्यांना एकच किट पाठवलं: वाळवंटातले प्राणी आणि शाश्वत जगणं. पालघर ऑफिसात सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्यातला एक प्राणी मी बोईसरच्या बाजारात जिवंत पाहिला होता. सांडा. काटेरी शेपटीचा, झाडपाला खाऊन जगणारा गरीब सरडा. पळू नये म्हणून त्याचा कणा मोडतात, ताटात मांडतात आणि त्याच्या चरबीचं तेल म्हणून, सांध्यांना आणि मर्दानगीला, शेजारी बाटल्या विकतात. हा सरळसरळ गुन्हा आहे. फुटपाथवर उघड चालतो आणि शहाणी माणसं गिऱ्हाईक होतात.

कुंभवली गावात हे मी तावातावाने सांगितलं. एक फॉर्म भरला गेला, तोही माझ्या रिक्षावाल्याचा. पालघर ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, “सातपाटीतून वीस आण. नाही जमलं, तर किट परत जाईल आणि तुझा सांडा बंद.”

म्हणून मी वलांडीखाली उभी राहून पत्रक वाचायला लागले. मुद्दा पहिला: सूर्याची शक्ती वापरा, अन्न वाया घालवू नका. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत कमळाबाई म्हणाल्या, “मंग आमी हितं काय करतो, पोरी?”

पुढचे चार मुद्दे मी गाळले.

थेट सांड्यावर आले. कणा मोडण्याचं सांगताना आवाज चढला. असलं तेल घेणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, असंही बोलून गेले.  मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्यांच्या माना कमळाबाईंकडे वळल्या.

“ते तेल आमच्या ह्यांनी गुडघ्याला आनलंय,” कमळाबाई म्हणाल्या.

“गुडघा म्हनतात व्हय त्याला?” हे त्यांच्या जाऊबाई, हिराबाई.

यानंतर पाच मिनिटं सेशन माझ्या हातात नव्हतं. माझं लग्न झालंय का, अशी चौकशी झाली. नाही म्हटल्यावर मला कान झाकायला सांगण्यात आलं. वीस फॉर्म गेले, हे मला कळून चुकलं. चिडून मी म्हटलं, आणा ती बाटली, बघू तरी.

कमळाबाईंनी घरातून आणली. नवऱ्याच्या ट्रंकेतली वस्तू, कमळाबाईंनी स्वतः कधी उघडलेली नव्हती. बूच काढलं, वास घेतला, पुन्हा घेतला. बाटली हिराबाईंकडे गेली, तिथून रांगेत शेवटपर्यंत. 

“मुशीचं तेल हाय हे,” कमळाबाई म्हणाल्या.

मुशी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात. सातपाटीत तो वास पोरंसुद्धा ओळखतात. कमळाबाईंच्या नवऱ्याला मात्र तंबाखूपुढे कसलाच वास येत नाही.

“आमच्याच दारातलं तेल, पाल दाखवून आमालाच इकलं?”

दहा मिनिटांत तेवीस फॉर्म भरले. माझं काम झालं होतं. कमळाबाईंचं कुठे झालं होतं?

पुढच्या बाजारच्या दिवशी सहा बायका आणि मी बोईसरला उतरलो. ताटात चार सांडे होते. मी वनखात्याच्या गार्डला फोन केला. तो म्हणाला, अर्ध्या तासात पोचतो, तोवर माणूस हलता कामा नये.

“अर्धाच तास?” कमळाबाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक कसं छळतं ते जलमभर बघितलंय आमी.”

आणि त्या गिऱ्हाईक झाल्या. स्वतःच्या मासळीच्या पाटीमागे बसून जे जे ऐकलं होतं, ते सगळं त्यांनी त्या माणसाला ऐकवलं. मोठा दाखव. हा नको, तो. मागच्या खेपेला चांगला होता. हिराबाईंनी चारावर एक फुकट मागितला.

“मौसी, लेना है कि नहीं?” तो रडकुंडीला आला.

“लेंगे रे बाबा. पहले बोल, ताजा है क्या? कल का लगता है.”

मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. गार्ड आला, तेव्हा तो माणूस ताट उचलायच्या बेतात होता आणि हिराबाईंनी त्याची बाही धरून ठेवली होती. माणूस आणि ताट दोन्ही गार्डच्या ताब्यात गेलं. चारपैकी तीन सांडे जगले.

कमळाबाईंच्या नवऱ्याचा गुडघा तसाच आहे. फॉर्मचं पाकीट हेड ऑफिसात उघडल्यावर खिडक्याही उघडाव्या लागल्या, असं मॅडम म्हणाल्या. किट पालघरलाच राहिलं.

आमच्या पत्रकात शेवटची ओळ होती, ‘मुक्या जिवांवर दया करा.’ ती मी खोडली. दयेवर मला एक रिक्षावाला मिळाला होता. नव्या पत्रकात पहिलीच ओळ आहे: आधी बूच काढून वास घ्या.