अर्धी पोळी

समोरच्या इमारतीत एक म्हातारं जोडपं ओट्यापाशी उभं राहूनच जेवतं. आजी तव्यावरून पोळी उतरवतात, आजोबा तिचे दोन तुकडे करतात, आणि दोघांची अर्धी-अर्धी संपल्यावरच पुढची पोळी लाटली जाते.

मी माझ्या ताटावरून हे खिडकीतून पाहत असतो. आमच्याकडे पानात गरम पोळी वाढायची रीत आहे. म्हणजे मला आणि मुलीला गरम, आणि माझी बायको सुमन सगळ्यांच्या शेवटी निवलेल्या पोळ्या घेऊन एकटी बसते.

"आई, आधीच करून ठेव ना. सगळेच गार खाऊ. समान म्हणजे समान," मुलगी म्हणते.

"माझ्या हातचं तुम्ही गरम खाता, यात मला कसला गं कमीपणा? समान करायला अन्न कशाला गार करायचं?" सुमन ओट्याजवळून म्हणते.

मला दोघींचंही पटतं, आणि पटतंय म्हणत मी गरम पोळी खात राहतो. खरं तर मला एवढंच हवं असतं, की सुमननं शेजारी बसून वाफाळता घास फुंकर मारून खावा. इतक्या वर्षांत मी तिला तसं जेवताना पाहिलेलंच नाही.

काल जेवता जेवता पानावरून उठलो. तव्यावरची पोळी उतरवली, बोटं भाजत तिचे दोन तुकडे केले आणि एक सुमनपुढं धरला.

"अगंबाई, आज हे काय!" ती हसली. तुकडा घेतला, त्यावर तूप सोडलं, घडी घातली, आणि सवयीनं माझ्याच पानात वाढला.